छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरचे आयसोलेशन सतत किती व्होल्ट सहन करते?

प्रश्न: एक वॅटच्या आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणाऱ्या) कन्व्हर्टरच्या डेटाशीटवर '१ केव्ही डीसी, १ सेकंद' एवढेच दिले आहे. माझ्या सर्किटमध्ये त्याच्या इनपुट आणि आउटपुट बाजूंमध्ये ४०० व्होल्ट डीसी कायम राहणार आहेत. हे चालेल का?

उत्तर १: तो आकडा कारखान्यातील चाचणीचा आहे, सततच्या वापराचा नाही. अशा स्वस्त मॉड्यूलमध्ये प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळ्या बहुधा एकाच छोट्या टोरॉइडवर (कड्यासारख्या चुंबकीय गाभ्यावर) एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यामध्ये तारेवरच्या इनॅमलच्या पातळ विद्युतरोधक लेपाखेरीज काहीच नसते. त्या इनॅमलमधील सूक्ष्म पोकळ्यांत आंशिक विद्युत विसर्जन (पोकळीपुरत्या बारीक ठिणग्या) सुरू झाले, तर थर हळूहळू झिजतो आणि एका सेकंदाच्या चाचणीत त्याचा मागमूसही लागत नाही. म्हणून डेटाशीटमध्ये 'सतत कार्यकारी व्होल्टेज' ही स्वतंत्र नोंद शोधावी. ती नसेल, तर उत्पादकाला लेखी विचारावे.

उत्तर २: याला एक पुरवणी. माणसाचा स्पर्श होऊ शकणाऱ्या भागापासूनचे हे एकमेव विलगीकरण असेल, तर कार्यात्मक (फक्त सर्किट चालण्यापुरते) आयसोलेशन पुरेसे नाही. रिइन्फोर्स्ड इन्सुलेशनचे (विजेच्या धक्क्यापासून दुहेरी इन्सुलेशनइतके संरक्षण देणाऱ्या इन्सुलेशनचे) प्रमाणपत्र असलेलाच भाग घ्यावा आणि पीसीबीवरील क्रीपेज अंतरही (दोन वाहकांमधील पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) तपासावे.

प्रश्नकर्ता: स्पर्शाचा प्रश्न नाही, हे मॉड्यूल उंच बाजूच्या (हाय-साइड) गेट ड्रायव्हरला, म्हणजे वरचा ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या सर्किटला, वीज देते. भाग आल्यावर मी स्वतः १ केव्हीची चाचणी घेऊ का?

उत्तर १: पुनःपुन्हा नको, कारण प्रत्येक उच्चदाब चाचणीने इन्सुलेशनचे आयुष्य थोडे कमी होते. शिवाय गेट ड्रायव्हरमध्ये तुमचे ४०० व्होल्ट स्थिर नसून प्रत्येक स्विचिंगला उडी मारतात आणि त्या उडीसरशी गुंडाळ्यांमधील कपॅसिटन्समधून करंट वाहतो, म्हणून हा कपॅसिटन्स कमी असलेले मॉड्यूल निवडा.