गिनी पिगच्या दोन्ही कुशीवरचे केस गेलेत, खाज अजिबात नाही – ओव्हरीत सिस्ट असेल का?

डोंबिवली_पूर्व

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा. आमची चिंगी, गिनी पिग, मादी, वय साधारण साडेतीन वर्षं. क्रॉफर्ड मार्केटमधून आणली तेव्हा दोनेक महिन्यांची असेल. सोबत मनी आहे, तीही मादी, अडीच वर्षांची.

दिवाळीनंतर चिंगीच्या दोन्ही कुशीवरचे केस विरळ व्हायला लागले. आधी वाटलं थंडीत गळत असतील, मग एक दिवस आंघोळीचा टॉवेल पसरून तिला उन्हात बसवलं तेव्हा दिसलं की डावीकडे जेवढा पॅच तेवढाच उजवीकडे, मोजून मापून काढल्यासारखा, आणि आतली कातडी एकदम स्वच्छ गुलाबी, ना कोंडा ना खपली ना लाली. ती खाजवतही नाही. आमच्या इथले डॉक्टर कुत्र्यामांजरांचे आहेत, ते म्हणाले माइट्स म्हणजे कातडीतले बारीक किडे, त्यावर आयव्हरमेक्टिनची दोन इंजेक्शनं झाली पंधरा दिवसांच्या अंतराने, काही फरक नाही. परत नेलं तर पोट चाचपून म्हणाले प्रेग्नंट असेल. अहो पण घरात नरच नाहीये! हे सांगितल्यावर म्हणाले मग वय झालंय, सोडून द्या.

मला सोडून देववत नाहीये. पोट खरंच मोठं झालंय, वरून बघितलं तर पेरूसारखा आकार दिसतो, मागे रुंद. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन करते, वहीत लिहिते. ऑक्टोबरमध्ये चिंगी ८७० ग्रॅम होती, आता ९४० आहे, पण हात फिरवला की पाठीचा कणा लागतो, पूर्वी लागायचा नाही. खाणं अर्ध्यावर आलंय. आणि स्वभाव बदललाय, या दोघी एकाच खोक्यात अंगाला अंग लावून झोपायच्या, आता चिंगी दिवसभर घुर्र घुर्र करत मागचा भाग हलवत मनीच्या मागे फिरते, वर चढते, परवा तर चावली.

वाचून वाचून मला ओव्हरीतल्या सिस्टचा, म्हणजे पाण्याच्या गाठीचा संशय येतोय. कोणाला अनुभव आहे का? ऑपरेशन करतात का एवढ्याशा जिवाचं? मी खूप घाबरलेय.

नाशिकची_मावशी

माझ्याकडे आतापर्यंत सात गिनी पिग झालेत त्यावरून सांगते. माइट्स असते तर तुला विचारायची वेळच आली नसती बाळा. माइट्सची खाज इतकी भयंकर असते की नुसतं बोट लावलं तरी किंचाळतात, काहींना तर खाजवता खाजवता फिट येते, माझ्या एकाला आली होती, ते मी विसरू शकत नाही. आणि कातडी जाड, कोंडेदार, रक्ताळलेली होते, बहुतेकदा खांद्यापासून सुरुवात. दोन्ही कुशीला सारखं टक्कल आणि खाज शून्य म्हणजे आतलं हॉर्मोनचं काहीतरी. तिची थानं बघितलीस का? पोटाखाली दोनच असतात. तिथे सुकलेली काळपट खपली दिसते का, जाड झालीत का ते बघून सांग.

डोंबिवली_पूर्व

मावशी आत्ता लगेच बघितलं. हो!! दोन्हीवर खपली आहे. मला वाटायचं बसून बसून मळ लागलाय, मी ओल्या कापसाने पुसत होते 😢

सदाशिवपेठी

ताई, अगदी हेच आमच्या बबडीला झालं होतं, फक्त ती चार वर्षांची होती. तेच टक्कल, तेच पेरूसारखं पोट, आणि आम्हालाही आधी माइट्सच सांगितलं होतं म्हणून तुमची पोस्ट वाचून हात थरथरला. आमचे दीड महिने त्यात गेले. तुम्ही उगाच शंका घेताय असं अजिबात नाही. दोन-तीन वर्षांपुढच्या माद्यांमध्ये सिस्ट हे अतिशय कॉमन आहे, पिल्लं झालेल्यांनासुद्धा होतं, न झालेल्यांनासुद्धा.

पहिलं काम, सोनोग्राफी. दुसरं काही करू नका तोवर, तिसरं आयव्हरमेक्टिन तर नकोच. सोनोग्राफीला भूल लागत नाही, पोटावरचे थोडे केस काढतात, जेल लावतात, मांडीवर धरून पाच-दहा मिनिटांत होतं. आमच्या बबडीच्या तोंडाशी मी कोथिंबिरीची काडी धरली होती, ती खात बसली आणि तिकडे स्क्रीनवर दोन काळे गोल दिसले, एवढे मोठे की डॉक्टरांनी मापायच्या आधीच मला कळलं.

दुसरं काम डॉक्टर शोधणं आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फोन करताना "तुम्ही गिनी पिग बघता का" असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. विचारायचं की गिनी पिगच्या मादीची ओव्हरी काढायचं ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलीत, भूल कशाची देता, ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायला सांगता का. या तिसऱ्या प्रश्नाला जर उत्तर आलं की आदल्या रात्रीपासून काही देऊ नका, तर थँक्यू म्हणून फोन ठेवा. कुत्र्यामांजराला उलटी होते म्हणून उपाशी ठेवतात, गिनी पिगला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, रात्रभर उपाशी ठेवलं तर तेच थांबतं. आम्हाला पहिल्या ठिकाणी "रात्री आठनंतर पाणीसुद्धा नको" सांगितलं होतं, तिथून उठून आलो.

तुम्ही डोंबिवलीला आहात तर मुंबई आवाक्यात आहे. परळला बैलघोड्याला, म्हणजे तिथल्या जनावरांच्या हॉस्पिटलला फोन करून विचारून बघा कोणाकडे पाठवतील, शिवाय एग्झॉटिक पेट (कुत्रामांजर सोडून बाकीचे पाळीव प्राणी) बघणारे म्हणून काही खाजगी डॉक्टर आहेत शहरात.

व्हेटवाला

मी जनावरांचा डॉक्टर आहे, प्रॅक्टिस लहान प्राण्यांची. न बघता निदान करणार नाही, पण वरची लक्षणं वाचून सोनोग्राफी करा या सल्ल्याशी शंभर टक्के सहमत.

थोडं समजून घ्या म्हणजे तिथे गेल्यावर गोंधळ होणार नाही. सिस्ट मुख्यतः दोन प्रकारची. एक नुसती पाण्याने भरलेली, ती सगळ्यात जास्त दिसते, ती हॉर्मोन तयार करत नाही पण वाढत राहते आणि पोटात जागा खाते, मग आतड्यावर दाब येऊन खाणं कमी होतं. दुसरी फॉलिकलची, म्हणजे ओव्हरीत अंडं वाढतं त्या पिशवीची, ती हॉर्मोन सोडते, केस गळणं, थानांवर खपली, सतत माजावर असल्यासारखं वागणं हे तिच्यामुळे. गिनी पिगची मादी तशीही १५-१७ दिवसांनी माजावर येते आणि तेव्हा एखादा दिवस घुर्र घुर्र करते, ते नॉर्मल आहे. ताई, तुम्ही म्हणताय तसं रोज, आठवडेच्या आठवडे, ते नॉर्मल नाही. एकाच मादीत दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात.

हे सांगायचं कारण म्हणजे हॉर्मोनचं इंजेक्शन. फॉलिकलच्या सिस्टवर त्याचा उपयोग होतो, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने देतात, पण पाण्याच्या सिस्टवर काहीच होत नाही. म्हणून कोणी म्हणालं इंजेक्शनने नक्की बरं होईल तर विचारा की कुठल्या प्रकारची आहे. सुईने पाणी काढणं हा दुसरा मार्ग, त्याने श्वास घ्यायला, खायला लगेच बरं वाटतं, पण पिशवी तिथेच राहते आणि पुन्हा भरते. ज्याला भूल झेपणार नाही त्याच्यासाठी मी ते करतो. कायमचा उपाय म्हणजे ऑपरेशन. शक्यतो गर्भाशयही काढतात कारण या वयात तिथेही गाठी सापडतात. सिस्ट लहान असेल तर दोन्ही कुशीतून छोटे छेद घेऊन फक्त ओव्हरी काढता येतात, त्यात पोटाला कमी त्रास होतो.

धोका आहे का? आहे. लहान जीव, अंग पटकन गार पडतं, श्वासनळीत नळी घालणं अवघड म्हणून बहुतेक वेळा मास्कने भूल द्यावी लागते. पण अनुभवी हातात आणि खाती-पिती असताना केलं तर बहुतेक माद्या नीट बाहेर येतात. वाट बघत बसून वजन उतरलं, खाणं सुटलं की मग तोच धोका कितीतरी वाढतो.

दोन गोष्टी सगळ्यांसाठी. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं कुठलंही औषध गिनी पिगला तोंडावाटे देऊ नका, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी जातो. घरात पडलेलं लहान मुलांचं सिरप "थोडंसं" म्हणून देणारे लोक मी बघितलेत. आणि पोट जर काही तासांत एकदम फुगलं, ढोलासारखं घट्ट लागलं, खाणं बंद आणि लेंड्या बंद, तर ती सिस्टची गोष्ट नाही, तो गॅस असू शकतो, त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

डोंबिवली_पूर्व

डॉक्टर, दादा, मावशी सगळ्यांचे खूप आभार. परवा दादरला सोनोग्राफी झाली. उजवीकडे ४.२ सेमी, डावीकडे २.८ सेमी. डॉक्टर बाई म्हणाल्या दोन्ही प्रकारची वाटतेय, ऑपरेशन करू. उपाशी ठेवायचं का विचारलं तर म्हणाल्या "मुळीच नाही, तिचा आवडता पाला डब्यात घालून आणा, शुद्धीवर आली की लगेच तोंडाशी धरायचा". मी तिथेच हो म्हणाले. पुढच्या मंगळवारी आहे.

नवरा म्हणतो साडेतीन वर्षांची आहे, एवढा खर्च, त्यातून भूल, जगेल त्याची खात्री काय. तो वाईट नाहीये, तोच तिला रोज गवत आणतो. पण घरात दोन दिवस अबोला आहे. मी चूक करतेय का?

कोल्हापूरचा_रस्सा

ताई मी वेगळ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. आमची सोनी सहा वर्षांची असताना सिस्ट निघाल्या, सोबत हृदयही कमजोर, डॉक्टरनीच सांगितलं भूल नको. आम्ही ऑपरेशन केलं नाही. महिन्या-दीड महिन्याने पाणी काढायचो, दुखण्याचं औषध चालू, रोज वजन. सात महिने राहिली, शेवटपर्यंत कोथिंबीर मागून घेत होती. आम्ही चुकलो असं मला वाटत नाही. पण तुमची साडेतीन वर्षांची आहे हो. गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतात. तिच्यापुढे अजून अर्धं आयुष्य आहे. साहेबांना हे आकडे दाखवा, वही दाखवा वजनाची. माझ्याकडे सोनीची ती वही अजून आहे.

सदाशिवपेठी

कोल्हापूरकरांना अनुमोदन. आणि ताई आता तयारीला लागा, मंगळवारच्या आधी. सिरिंजने भरवायची सवय आत्तापासून करा, १ मिलीची सिरिंज घ्या, तोंडात मधे नाही, गालाच्या बाजूने, थोडं थोडं, चावू द्या, गिळू द्या, मग पुढचं. क्रिटिकल केअरची पावडर (पाण्यात कालवून सिरिंजने भरवायचं तयार खाद्य) आजच मागवा, यायला चार दिवस लागतात. नाहीच आली तर तिच्या रोजच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून मऊ गाळ करायचा. व्हिटॅमिन सी त्यांच्या अंगात तयार होत नाही, आपल्यासारखंच, आणि जखम भरायला ते लागतंच, म्हणून ढोबळी मिरची रोज द्या, डॉक्टर थेंब देतील तेही तोंडातच घाला, पाण्याच्या बाटलीत मिसळलं तर लवकर वाया जातं. लसूणघास मात्र देऊ नका, कॅल्शियम जास्त, मोठ्या गिनी पिगला मुतखड्याची भीती. हरळी चालते, टिमथीचं सुकं गवत असेल तर उत्तम.

पिंजऱ्यातला भुसा काढून टाका, टाक्यांना चिकटतो. जुनी धुतलेली सुती चादर किंवा फ्लीस घाला. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात, एकाच, म्हणजे नको असेल तेव्हा तिला लांब सरकता येईल.

नाशिकची_मावशी

मनीला पूर्ण वेगळी करू नको गं. मधे जाळी लाव, एकमेकींना दिसू देत, वास येऊ दे. एकटी ठेवली की खात नाहीत.

डोंबिवली_पूर्व

झालं ऑपरेशन. सव्वा तास लागला. मोठ्या सिस्टमधलं पाणी आधी सुईने काढून घेतलं आणि मग बाहेर काढली, नाहीतर छेद फार मोठा घ्यावा लागला असता म्हणाल्या. गर्भाशयपण काढलं, आतून जाड झालं होतं. टाके आतल्या बाजूने आहेत, कुरतडायला काही बाहेर नाही. संध्याकाळी पाचला घरी आणली तेव्हा नुसती बसून होती, डोळे अर्धे मिटलेले, अंगावरचे केस फुलवून. वजन ८१० भरलं.

रात्रभर दर दोन तासांनी ५-५ मिली भरवलं. नवऱ्याने अलार्म लावला होता, मी भरवायचे आणि तो टॉवेलमध्ये धरायचा. लेंडी काही पडेना. बाराला नाही, एकला नाही. मी चादरीवर टॉर्च मारून मारून बघत होते. २:४० ला तो म्हणाला, अगं हे बघ, आणि त्याच्या तळहातावर एकच, मुगाएवढी, कोरडी, टोकाला वाकडी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो. पहाटे पाचपर्यंत सहा झाल्या आणि सहाला तिने स्वतःहून कोथिंबिरीचं एक पान ओढलं.

व्हेटवाला

छान. ती लेंडी म्हणजे आतडं सुरू झाल्याची पावती. दुखण्याचं औषध सांगितलंय तितके दिवस पूर्ण द्या, बरी दिसतेय म्हणून मधेच बंद करू नका, दुखलं की पुन्हा खाणं थांबेल. टाक्यांची जागा रोज बघा, सूज, ओल, वास काही आलं तर लगेच फोन. वजन आता रविवारची वाट न बघता रोज, एकाच वेळेला. केस यायला काही महिने लागतील.

डोंबिवली_पूर्व

आज बारावा दिवस. ८३५. फ्रीजचं दार उघडलं की आधीसारखी ओरडते. मनीवर चढणं बंद, काल दुपारी जाळी काढली तर पाच मिनिटं हुंगाहुंगी झाली आणि मग दोघी एकाच खोक्यात. डाव्या कुशीवर हात फिरवला तर बारीक खुंट लागतात, नवऱ्यालाही लागले.

नाशिकची_मावशी

देव पावला. आता मनीचंही पोट बघून घे हो, अडीच वर्षांची आहे ना ती.

डोंबिवली_पूर्व

हो मावशी, शनिवारी चिंगीला टाके दाखवायला न्यायचंय तेव्हाच मनीची सोनोग्राफी करायची सांगून ठेवलंय. दोघींना एकाच बास्केटमध्ये नेणार.