'नागर' म्हणजे शहरी की देखणा?

प्रश्न: ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात 'देशियेचेनि नागरपणें । शांतु शृंगारातें जिणे' असं येतं. आज आपण 'नागर' शहरी या अर्थी वापरतो. मग देशी भाषेला नागरपण कुठून आलं? आणि एखाद्या गायिकेच्या मांडणीला आज 'नागर' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १: मूळ 'नगर'च. पण संस्कृतात नगरात राहणारा या अर्थापाठोपाठ चतुर, रसिक, सफाईदार हे अर्थ चिकटले. कामसूत्राच्या पहिल्या अधिकरणात नागरकाच्या राहणीवर अख्खा अध्याय आहे: खुंटीला वीणा, चित्र काढायची फळी, एखादी पोथी. त्यातच सांगितलंय की गोष्ठीत, म्हणजे रसिकांच्या बैठकीत, अगदी संस्कृतात बोलू नये, अगदी देशभाषेतही नको. मधला तोल साधणाऱ्याला लोक मान देतात. जुन्या मराठीत यातलं शहर मागे पडलं, सुबक, देखणं एवढंच उरलं. म्हणून ओवीचा अर्थ: मराठीच्या लावण्यामुळे शांतरस शृंगारावर मात करील. शके १२१२ मध्ये देशी भाषेबद्दल हा शब्द वापरणं हे मोठंच धाडस आहे, मला ही ओवी त्यासाठीच फार प्रिय आहे.

प्रतिसाद २: वापराबद्दल. विशेषण बदलत नाही: नागर मुलगा, नागर भाषा, नागर वळण. 'नागरी' मात्र वेगळा. नागरी सुविधा, नागरी वस्ती. 'नागरी गायकी' लिहिलंत तर वाचक शहराकडेच जाईल. समीक्षेत 'नागर' दिसला की समोर 'ग्रामीण' किंवा 'अनागर' उभा असतो, त्यामुळे लोककलावंताबद्दल लिहिताना जपून, नकळत उतरंड तयार होते. टंकताना चुकून अनुस्वार लागला तर 'नांगर' होतो, तेही तपासा.

प्रतिसाद ३: गायिकेसाठी मी 'नजाकत' घेईन. ठुमरीतली मुरकी (स्वरांची छोटी, झटकन घेतलेली वळणं), बैठकीच्या लावणीतली अदा नजाकतीची. फडावरच्या लावणीला ठसका म्हणा. नोमतोमातल्या, म्हणजे ध्रुपदाच्या आलापीतल्या, जोरकस गमकेला (स्वर हेलकावत घेण्याला) यातलं काहीच नको, 'भारदस्त' बरं. अदा मोजता येतात, नजाकत नाही, त्यामुळे तिचं अनेकवचन करू नका. आणि हिंदीतून आलेलं 'वेळेची नजाकत ओळखून' टाळा, तिथे 'प्रसंग ओळखून' पुरतं.

प्रतिसाद २: सहमत. 'नागर' ठेवायचाच असेल तर 'नागरपण' हे नाम घ्या आणि शेजारी 'डौल' किंवा 'सफाई' येऊ द्या, म्हणजे जुना अर्थ उघड होतो: 'तिच्या आलापीत एक नागरपण आहे, स्वरांत डौल आहे.'