जुन्या फोर बाय फोरचा सेल्फ कधी लागतो, कधी नाही: तुमचे अनुभव सांगा

काल शेजारच्या गाडीने किल्ली फिरवल्यावर नुसताच 'टक्' असा आवाज केला आणि मला बाबांची जुनी फोर बाय फोर आठवली. दोन महिने छळलं होतं तिनं. घरून निघताना एका किल्लीत सुरू. तासभर चालवून कुठे थांबलो की 'टक्'. परत 'टक्'. सातव्या-आठव्या वेळेला काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. मेकॅनिकसमोर तर कधीच अडली नाही. बॅटरी बदलली, मग अख्खा सेल्फ बदलला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

शेवटी एका वयस्कर वायरमनकाकांनी काहीही न उघडता मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. "मारा सेल्फ." मीटरवर १.७ व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. इंजिन आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडणारी अर्थची विणलेली पट्टी वरून धडधाकट होती, पण बोल्टखाली नुसता गंज. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून परत आवळली. त्यानंतर तो आवाज आम्ही ऐकला नाही.

तुम्हीही लिहा. येतो-जातो असा फॉल्ट कुणी कसा पकडला, ते मला मनापासून वाचायचंय.

* * *

एकच टक् की टकटकटकटक? भराभर टकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली नाहीतर टर्मिनल सैल. एकच जड टक् असेल तर सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरचा चुंबकी स्विच) ओढतोय पण मोटरला करंट पोचत नाही. आमच्या गाडीत सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट एका बाजूने झिजले होते. तेवढेच बदलले. सेल्फ अजून तोच आहे, नऊ वर्षं झाली.

* * *

आमचं उलट. सेल्फ दणकून फिरायचा, इंजिन उचलायचं नाही. डिझेल गाडी. मेकॅनिकने इंजेक्टर उतरवून ठेवले, आणि निघाली काय तर इंजिनच्या डिझेल पंपावरच्या कट-ऑफ सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करतो तो) वायर सैल! किल्ली ऑन केली की पंपापाशी बारीक 'टिक्' ऐकू यायला हवा. नाही आला तर आधी ती वायर बघा. बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते

* * *

ताई, केवढं झालं बाळ?

* * *

सव्वा वर्षाचा! गाडीचा आवाज आला की खिडकीकडे धावतो 😊

* * *

एक कळकळीची विनंती. खाली झोपून पान्याने सेल्फ शॉर्ट करू नका. आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा मोकळीच असते, ऑटोमॅटिकचं 'पी'ही धरत नाही. माझे मामा गाडीखाली असताना ती उतारावर सरकली. थोडक्यात वाचले. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

* * *

बापरे. मामा बरे आहेत ना आता?

* * *

हो, ठणठणीत.

* * *

आमची चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची. निगेटिव्ह काढून मध्ये अँपिअर मीटर लावला तर ०.४ अँपिअर जातोय. ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. एकेक फ्यूज काढला, आकडा ढिम्म. मग अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करतो तो) जाड वायर सोडवली (आधी निगेटिव्ह पूर्ण काढून) आणि आकडा जवळजवळ शून्य. त्यातला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेला होता. आधी हात लावला असता तरी कळलं असतं, रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागायचा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

* * *

पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी कनेक्टर उघडून बघा. आत हिरवं दिसलं की समजा गंज चढलाय. माझा फॉल्ट वायरिंगचा जुडगा हाताने हलवता हलवता सापडला, ब्रॅकेटवर घासून वायर आतून तुटत आलेली.

* * *

आत्ताच खाली जाऊन धाग्यात लिहिल्याप्रमाणे मोजलं. सेल्फ मारताना ०.९ दाखवतोय. अर्थच ना?

* * *

तुकडे करून मोजा. आधी बॅटरी ते चासी, मग चासी ते इंजिन.

* * *

चासीपर्यंत ०.१. पुढे ०.८!!

* * *

मग पट्टीच. बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि मगच पाना लावा. घासून झालं की परत मोजून इथे आकडा टाका, वाट बघतोय.