डेटाबेस नसला तरी जँगो कामाचं आहे

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बांधायची चौकट. 'सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरच्या एपीआयवरून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा मागवायची सोय) येणार, मग जँगो कशाला?' हा मुद्दा मला पटत नाही. राउटिंग (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालेल ते ठरवणं), टेम्प्लेट (पानाचा साचा), फॉर्मचं व्हॅलिडेशन (भरलेली माहिती तपासणं), यातल्या कशालाच डेटाबेस लागत नाही. डेटाबेसच्या टेबलाशी बांधलेल्या मॉडेलफॉर्मऐवजी साधा फॉर्म वापरायचा. ॲडमिन (डेटा हाताळायची तयार पानं) आणि तयार लॉगिन मात्र हातचे जातात, कारण दोन्ही डेटाबेसच्या टेबलांवर उभे आहेत. सेशनही (वापरकर्त्याबद्दल पानागणिक लक्षात ठेवायची माहिती) डीफॉल्टने डेटाबेसमध्येच जातं. ते कॅशेवर (तात्पुरत्या, झटपट साठ्यावर) किंवा साइन्ड कुकीवर (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या, सही केलेल्या नोंदीवर) हलवा. पण साइन्ड कुकीतला मजकूर वापरकर्त्याला वाचता येतो (बदलता येत नाही, एवढंच), तेव्हा एपीआयचं टोकन (ते वापरायची गुप्त किल्ली) त्यात मुळीच ठेवू नका.

खरी काळजी घ्यायची ती नेटवर्कची. आमच्या एका पानावर ५० ऑर्डर्सची यादी होती आणि टेम्प्लेटच्या लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरमागे ग्राहकाचं नाव आणायला एक कॉल जायचा. एका कॉलला २०० मिलिसेकंद, म्हणजे पान उघडायला १० सेकंद! जवळच्या डेटाबेसवर ही चूक बरेचदा खपून जाते, इथे नाही. सगळे आयडी गोळा करून एकाच कॉलमध्ये नावं मागवली, तेव्हा कुठे पान झटकन उघडायला लागलं.

आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची त्याची मर्यादा! असे कॉल करायला वापरतात ती पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून तो लावत नाही. पलीकडचा सर्व्हर गप्प बसला की तुमचे वर्कर (येणाऱ्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) एकेक करून अडकत जातात. प्रत्येक कॉलला टाइमआउट द्याच. हे कॉल व्ह्यूजमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) विखुरण्यापेक्षा एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवले, तर टेस्ट लिहिताना तेवढ्याच मॉड्यूलच्या जागी नकली मॉड्यूल ठेवून काम भागतं.