मणका जुळेल की नाही, हे कॉम्प्युटरवर ठरवावं का?

निपाणीची लेक
आईच्या कमरेचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले. एल-४ आणि एल-५ हे दोन मणके स्क्रू-सळ्यांनी बांधले, मध्ये पिंजरा, म्हणजे पोकळ ठोकळा, बसवून त्यात तिच्याच हाडाचा चुरा भरला. हाड अजून पुरतं जुळलेलं नाही.

मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्यानं ऑपरेशनआधी तिच्या सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर मणक्याचं मॉडेल केलं होतं. लाल म्हणजे ताण जास्त, निळा म्हणजे कमी. त्यात सहा महिन्यांत पिंजऱ्याभोवती हाडाचा पूल धरला होता. संमतीचा फॉर्म कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत; आईला समजलं ते एवढं रंगीत चित्र. त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली, "मग करूया की."

असली मॉडेलं पेशंटला दाखवूच नयेत, असं माझं ठाम मत झालंय. आई तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. एक विडी कधी ओढली नाही. पण तंबाखू हाताळणाऱ्यांच्या अंगातही निकोटीन जातं, आणि निकोटीननं हाड जुळायला अडतं. मॉडेलात तिचे हात कुठं होते?

उद्यमबाग फौंड्री
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण दोष मॉडेलावर टाकू नका. आम्ही वितळलेल्या धातूचा रस ओतायच्या आधी कास्टिंग कुठं पहिल्यांदा गोठेल, कुठं पोकळी राहील हे कॉम्प्युटरवर बघतो. त्यानं किती माल वाचतो ते आम्हालाच माहीत.

हाड भाराप्रमाणे घडतं, हे जर्मन सर्जन जुलियस वुल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. स्क्रू-पिंजरे ज्याचे करतात त्या टायटॅनियमचा ताठपणा साधारण ११० गिगापास्कल, पिंजऱ्याच्याच पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचा ३ ते ४, आणि बाहेरच्या कठीण हाडाचा २० च्या आत. धातूनंच सगळा भार उचलला तर हाडाला काम राहत नाही, ते विरळ होतं. कुठला पिंजरा, केवढा स्क्रू, हे पेशंटच्या पाठीवर शिकायचं का? मॉडेलावर चुकलेलं पुसता येतं.

मिरजेत फिजिओ
दादा, तुम्ही पहिला नग कापून बघता. पेशंटला कापता येत नाही. आणि कास्टिंग एकदा गोठलं की संपलं. हाड रोज बदलतं.

मॉडेलात हाडाचे हजारो बारीक तुकडे करतात. प्रत्येकावर ताण किती ते काढायचं, ठरल्या हद्दीच्या वर असेल तर हाड दाट करायचं, खाली असेल तर झिजवायचं, मग पुन्हा पहिल्यापासून हिशेब. इथवर ठीक. स्विस सर्जन स्टीफन पेरेन यांच्या नियमाप्रमाणे जुळायच्या दोन हाडांमधल्या फटीतली हालचाल तिच्या रुंदीच्या साधारण २ टक्क्यांपुढं गेली की तिथं हाड धरत नाही. म्हणजे सगळं भारावर अवलंबून. आणि भार कुठला धरतात? बऱ्याच अभ्यासांत ४०० न्यूटनचा दाब, म्हणजे ४० किलोच्या आसपास, वर ७.५ न्यूटन-मीटरचं वाकवणं.

माझ्याकडं खानापूर भागातली एक बाई येते. सहाव्या आठवड्यातच भरलेली घागर कमरेवर घेतली होती, एकाच बाजूला. विचारलं तर म्हणाली, "घरात दुसरं कोण आहे ओ?" ती घागर कुठल्या आकड्यात घालायची?

अथणी
ताई, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंत का? ते आधी करा.

उद्यमबाग फौंड्री
घागर घालता येते, फिजिओताई. एका बाजूचा भार म्हणजे दाब आणि पिळा, दोन्ही आकडेच. निकोटीन असेल तर हाड भरायचा वेग कमी धरा. एकच उत्तर न काढता वेग आणि भार बदलून दहा वेळा चालवा. आमच्याकडंही रसाचं तापमान वरखाली धरूनच बघतात. मॉडेल अपुरं आहे म्हणून टाकून द्यायचं, हे मला पटत नाही.

निपाणीची लेक
मग दहाही चित्रं आईपुढं ठेवायला हवी होती. ज्यात पूल धरला नाही तेसुद्धा, आणि मराठीत समजावून. तिला एकच दाखवलं, ते मला सलतंय. तुमचं बाकीचं पटतं, पण हे नाही केलं तर मी विरोधातच.

अथणीकर, होय, दुसरीकडं दाखवलंय. त्यांनी आणखी सहा महिने थांबायला सांगितलंय आणि तंबाखू बंद. सूप उचलून माळ्यावर ठेवलं तेव्हा आई दिवसभर बोलली नाही. पुढचा सीटी दिवाळीनंतर आहे. भावाला सांगितलंय, ती फिल्म आणि तुझं जुनं चित्र शेजारी-शेजारी ठेवून मला दाखव.