मदत हवी आहे: कुत्र्याचं नक्की निदान होत नाहीये

आमचा मोती, लॅब्रॅडोर, वय 6. पावसाळ्यात गोचिड्या खूप झाल्या होत्या. आता ताप 104, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद. भाकरीवर तुटून पडणारा हा प्राणी, आता चिकनसुद्धा नुसतं हुंगतो.

हिमोग्लोबिन 5.8, प्लेटलेट 38 हजार (किमान दीड-दोन लाख तरी हव्यात). किटवर एर्लिकिया (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा संसर्ग) पॉझिटिव्ह, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलंय. पण ती अँटिबॉडीची टेस्ट, जुन्या संसर्गानेही पॉझिटिव्ह येते ना? स्मिअरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघतात त्यात) काही दिसलं नाही.

माझं डोकं लघवीच्या रंगावर अडलंय. बेबेसिया गिब्सोनी (गोचिडीतूनच येणारा, लाल पेशी फोडणारा परजीवी) असेल तर नुसत्या डॉक्सीने भागणार नाही. लेप्टो (लघवीतून माणसांनाही होणारा संसर्ग) असेल तर घरात लहान मूल आहे, म्हणजे वेगळीच काळजी. की शरीर स्वतःच लाल पेशी फोडतंय?

आम्ही साताऱ्यात आहोत. पुण्यात पीसीआर आणि रक्त चढवण्याची सोय कुठे आहे? की सरळ मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं? एवढ्या कमी हिमोग्लोबिनवर प्रवास झेपेल का? पपईच्या पानांचा रस कृपया सुचवू नका, पोटात काही टिकत नाहीये. पुण्यात रक्त देऊ शकेल असा धडधाकट मोठा कुत्रा कुणाकडे असेल तर आजच कळवा.