करिअर कोर्स विकणाऱ्यांनो, शंकेला उत्तर द्या; ‘निगेटिव्ह माइंडसेट’ म्हणून गप्प बसवू नका

विश्रामबागकर:
गेल्या रविवारी इथे सांगलीत, विश्रामबागला एक फुकटचा ‘मास्टरक्लास’ झाला. विषय, आयटीत पगार दुप्पट कसा करायचा. पडद्यावर ऑफर लेटरचे फोटो. नावं पुसलेली, पण तारीखही नाही, आधीचा पगारही नाही. शेवटी ऐंशी हजारांचा कोर्स पस्तीस हजारांत, आज रात्री बारापर्यंतच. मागून एका मुलीने विचारलं, “बॅचमध्ये किती जणांना नोकरी बदलता आली नाही?” उत्तर आलं, “हाच तो निगेटिव्ह माइंडसेट.”

ही मुलगी रोज सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कोड चालला एवढं सांगून तिथे भागत नाही. कुठे फुटला तेही दाखवावं लागतं. पस्तीस हजार मोजताना तिने तोच प्रश्न विचारला तर त्यात उद्धटपणा कुठला? अशा माणसांना कोर्स विकायचा तर फुटलेलंही दाखवावंच लागेल.

मिरज जंक्शन:
मी या धंद्यात आहे, मिरजेत इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. “यूट्यूबवर सगळं फुकट आहे” हे मला रोज ऐकावं लागतं. आहेच. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. किती जण शेवटपर्यंत जातात?

माझ्याकडे एक जण आला. कंपनीत पगारांचा हिशेब करणारा रात्रीचा प्रोग्रॅम चार तास चालायचा, तो याने पाऊण तासावर आणलेला. रेझ्युमेवर काय? ‘सपोर्ट अँड मेंटेनन्स’. एवढं काम तीन शब्दांत गाडून टाकलेलं! ते उकरून काढायला समोर माणूस लागतो, त्या माणसाचा वेळ लागतो, आणि मी पैसे त्याचेच घेतो. अपयशाचे आकडे मी लावले आणि शेजारच्याने ‘शंभर टक्के गॅरंटी’चा फ्लेक्स लावला, तर पोरं कुठे जातील तुम्हीच सांगा.

हरिपूरचा संगम:
असा फ्लेक्स लावणं बेकायदेशीर आहे, दादा. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला ती लागू आहेत. नोकरीची, पगारवाढीची खोटी हमी चालत नाही. ‘शेवटच्या जागा’ म्हणून खोटी घाई करता येत नाही. विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर यश मिळाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी. तक्रारीसाठी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ नीट वाचा. बहुतेकदा ते फायनान्स कंपनीचं, तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स आवडला नाही म्हणून तुम्ही सोडलात तरी हप्ता सुटत नाही. तो थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतं, आणि पुढे घरासाठी बँकेत गेल्यावर ते समोर येतं.

तासगावची लेक:
कायदा पटला, पण विश्रामबागकर, तुमचा मूळ मुद्दा मला पटत नाही. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलाला सिनिअर फोनवर सांगतो, कुठे काय विचारतात, पगार किती मागायचा. 1947 पासूनचं कॉलेज, माजी विद्यार्थी सगळीकडे. आमच्या कॉलेजातून आयटीत गेलेली माझ्या आधी कोणी नव्हती. पगार किती सांगायचा हे कळेना, म्हणून मी पहिल्या कंपनीत मागितलाच नाही. पुढे कोर्स केला. तिथल्या मॅडमनी माझ्याकडून आकडा मोठ्याने म्हणवून घेतला, परत परत, आवाज कापायचा थांबेपर्यंत. ते मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं असतं? ज्याला विचारायला चार माणसं आहेत, त्याला शंका घेणं परवडतं.

विश्रामबागकर:
ताई, तुम्हाला जे मिळालं ते खरंच मोलाचं आहे. पण ते तुम्हाला आत गेल्यावर कळलं. मी बोलतोय ते दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल, आणि ज्याला विचारायला कोणी नाही तोच तिथे जास्त फसतो. आपल्या मार्केट यार्डात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग बोली लावतो. मिरज जंक्शन, तुम्ही एक मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत, वेगळा विका. पटलं तर पुढची फी. आणि मागच्या बॅचची यादी लावा.

मिरज जंक्शन:
मॉक इंटरव्ह्यू सुटा विकेन, पुढच्या बॅचपासूनच. यादी मात्र नाही. माझी निम्मी पोरं नोकरीत राहून दुसरीकडे बघत असतात. मॅनेजरला कळलं तर?

विश्रामबागकर:
नावं नकोतच. किती आले, किती मध्येच गेले, किती जणांनी नोकरी बदलली, किती जणांची नाही बदलली, एवढंच.

मिरज जंक्शन:
चालेल. पण ज्यांची नाही बदलली, त्यांपैकी किती जणांनी अर्जच केले नाहीत, तेही लिहिणार.

विश्रामबागकर:
लिहाच. मला तोच आकडा आधी बघायचाय.